हार्पवादिका आंरिएत रेनिए : वादन आणि अध्यापन
(संगीतशिक्षकांच्या उजळणी वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या वर्गात आजवर स्वरलेखन, परीक्षांचे अभ्यासक्रम आणि समूहशिक्षण अशा आपल्या नित्याच्या विषयांची चर्चा झाली. मला मात्र आज एका अशा वाद्याविषयी आणि त्या वाद्याच्या एका शिक्षिकेविषयी बोलावयाचे आहे, की ज्यांचा आपल्या वर्गांशी वरकरणी काहीही संबंध दिसत नाही. वाद्य आहे हार्प आणि शिक्षिका आहेत पॅरिसच्या आंरिएत रेनिए. त्यांचा जन्म १८७५ सालचा, मृत्यू १९५६ सालचा. ऐंशी वर्षांच्या या आयुष्यात वयाच्या बाराव्या वर्षापासून त्या शिकवीत आल्या. परंतु ज्या सरकारी विद्यालयात ही विद्या शिकविण्याचा अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाचा क्वचितच असेल, तेथील नेमणूक मात्र त्यांना कधीच मिळाली नाही. एवढे सांगितले म्हणजे हा विषय मी आपणांपुढे का मांडीत आहे, हे आपल्या ध्यानी येईल.

मी स्वतः हार्पवादक नाही. व्हायोलिन शिकविण्यात माझी उमेद खर्ची पडली. परंतु पाश्चात्त्य वाद्ये शिकविणाऱ्याला कधी ना कधी या वाद्याच्या वाटेने जावे लागते. आपण ज्याला परके वाद्य समजतो ते आपल्याला सर्वस्वी परके नाही, हेही जाता जाता सांगून टाकतो. समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यावर सम्राट वीणा वाजवीत बसलेला आहे. ती वीणा आजच्या वीणेसारखी नसून धनुष्याकृती आहे, आणि जातकुळीने ती हार्पच होय. आपल्याकडे तो प्रकार लोपला. ब्रह्मदेशात 'साउंग' या नावाने तो आजही जिवंत आहे.

आधुनिक हार्प मात्र फार गुंतागुंतीचे वाद्य आहे, आणि त्याची रचना थोडीशी समजावून घेतल्याशिवाय रेनिएबाईंचे कर्तृत्व उमगणार नाही. मोठ्या हार्पला ४७ तारा असतात. उंची पुरुषभर, वजन जवळपास ४० किलो. काही तारा आतड्याच्या, काही हल्ली नायलॉनच्या, खर्जातल्या धातूचे वेष्टण दिलेल्या. या साऱ्या तारांचा एकत्रित ताण इतका प्रचंड असतो, की वाद्य हळूहळू स्वतःच्याच ओढीने वाकत जाते, असे कारागीर म्हणतात. दमट हवेत आतड्याची तार किती त्रास देते, हे किनाऱ्यावरच्या आपणा मंडळींना निराळे सांगावयास नको.

पण खरी मेख आहे ती पायांत. एका सप्तकात तारा सातच. मग कोमल आणि तीव्र स्वर आणावयाचे कोठून? वाद्याच्या तळाशी सात पायपट्ट्या असतात, प्रत्येक स्वरासाठी एक. पाश्चात्त्यांच्या 'सी' या स्वराला आपण षड्ज मानले तर डाव्या पायाच्या बाजूस रे, सा, नी आणि उजव्या पायाच्या बाजूस ग, म, प, ध अशी त्यांची मांडणी असते. प्रत्येक पट्टीला तीन खाचा असतात. पट्टी वरच्या खाचेत असेल तर स्वर कोमल, मधल्या खाचेत शुद्ध, खालच्या खाचेत तीव्र. एक पट्टी दाबली की त्या स्वराच्या सर्व सप्तकांतील तारा एकदम बदलतात. आपले सतारिये राग बदलताना परदे सरकवितात. हार्पवादकाला तेच काम वादन चालू असता, हात एक क्षणही न थांबविता, पायांनी करावयाचे असते. ही दुहेरी हालचालीची यंत्रणा पॅरिसच्या सेबास्त्याँ एरार याने पूर्णत्वास नेली. तिचे पेटंट १८१० सालचे आहे. हात कमी पडतील म्हणून की काय, दोन्ही पायही कामाला जुंपलेले आहेत. आणि हातांची बोटे मात्र चार चारच वापरावयाची. करंगळी आखूड म्हणून तिला या वाद्यात कामच नाही. नखी नाही, मिझराब नाही; बोटाच्या पेराने तार छेडावयाची. तेथे घट्टे पडतात आणि ते पडावेच लागतात.

आता आपण रेनिएबाईंकडे वळू. वडील गायक आणि चित्रकार. घरात संगीत होतेच. पाच वर्षांची असताना या मुलीने अल्फाँस हासेलमान्स यांचे हार्पवादन ऐकले आणि 'हे माझे गुरुजी होणार' असे जाहीर करून टाकले, अशी हकीकत त्यांचे चरित्रकार देतात. अशा हकीकती थोरांच्या चरित्रांत असावयाच्याच. तिच्यावर फार भार देऊ नये. खरी गोष्ट तिच्या पुढची आहे. आठव्या वर्षी शिक्षण सुरू झाले तेव्हा मुलीचे पाय पट्ट्यांपर्यंत पोहोचेनात. वडिलांनी पट्ट्यांना वाढीव जोड बसवून दिले आणि शिक्षण चालू झाले. मला या वडिलांचे फार कौतुक वाटते. मूल वाढेपर्यंत थांबू या, असे ते म्हणू शकले असते. आपणही पालकांना अनेकदा तसे सांगतो. त्यांनी वाद्यच मुलीच्या मापाचे करून दिले.

पॅरिसच्या काँझर्व्हातुआरमध्ये, म्हणजे तेथील सरकारी संगीतविद्यालयात, तिचा प्रवेश १८८५ मध्ये झाला. आपल्याकडे त्याच सुमारास, १८८६ मध्ये, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांचे संगीत विद्यालय बडोद्यास सुरू होत होते. काळाची कल्पना यावी म्हणून एवढे सांगितले. काँझर्व्हातुआरच्या 'पहिल्या पारितोषिका'विषयी एक खुलासा करणे अवश्य आहे. ते आपल्या स्पर्धांतील पहिल्या क्रमांकासारखे नसे. ती विद्यालयाची सर्वोच्च पदवीच होती. एकाच वर्षी ती एकाहून अधिक विद्यार्थ्यांना मिळू शके, आणि ती मिळाली की विद्यार्थी व्यावसायिक वादक ठरून वर्गातून बाहेर पडे. दहाव्या वर्षी रेनिएला दुसरे पारितोषिक मिळाले. वादन पहिल्याच्या तोडीचे होते. परंतु इतक्या लहान मुलीचे शिक्षण तेथेच संपू नये, म्हणून विद्यालयाचे संचालक आंब्रुआझ तोमा यांनी दुसरे द्यावे असे सुचविले, असे सांगतात. पुढच्याच वर्षी, १८८७ मध्ये, अकराव्या वर्षी, तिला पहिले पारितोषिक मिळाले. संचालकांची ही दृष्टी परीक्षक म्हणून काम करणाऱ्या आपणांपैकी प्रत्येकाने मनात ठेवण्याजोगी आहे. गुणांचे आकडे देताना पुढच्या वर्षी हा विद्यार्थी कोठे असेल, याचा विचार किती परीक्षक करतात?

पारितोषिकानंतर घरी शिष्य येऊ लागले. शिक्षिका बारा वर्षांची, शिष्य बहुधा तिच्या दुप्पट वयाचे. विद्यालयात हार्मनीचे व रचनाशास्त्राचे वर्ग तिने पुढे चालू ठेवले, आणि पंधराव्या वर्षी पॅरिसमध्ये एकटीच्या वादनाची पहिली स्वतंत्र मैफल दिली. अर्थात अकाली प्रसिद्धी मिळालेली मुले आपण पुष्कळ पाहतो, आणि विसाव्या वर्षी त्यांचे काय होते तेही पाहतो. रेनिएचे तसे झाले नाही, याचे श्रेय मी तरी त्या शिकवणीला देतो. जे आपल्या हाताला सहज येते ते दुसऱ्याच्या हाताला का येत नाही, याचा विचार तिला बाराव्या वर्षापासून करावा लागला. नैसर्गिक देणगीचे रूपांतर शास्त्रात व्हावयाचे असेल, तर त्याला याहून चांगला मार्ग नाही.

त्या काळी हार्पची स्थिती काय होती? ऑपेराच्या वाद्यवृंदात एका कोपऱ्यात बसून शेकडो मात्रा मोजीत राहावे आणि नायिकेच्या मृत्युसमयी चार झंकार उमटवावेत, ही एक. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात कुलीन स्त्रियांच्या हातांची व बाह्यांची शोभा वाढवावी, ही दुसरी. संपूर्ण वाद्यवृंदासमोर एकटे उभे राहून तासभर श्रोत्यांना धरून ठेवण्याजोगे हे वाद्य आहे, असे फार थोडे मानीत. पियानो आणि व्हायोलिन यांच्यासाठी थोर रचनाकारांनी ग्रंथालये भरतील एवढ्या रचना करून ठेवल्या. हार्पच्या वाट्याला आले ते बव्हंशी हार्पवादकांनीच लिहिलेले. रेनिएबाईंनी लिहिलेला 'सी मायनर'मधील काँचेर्तो १९०१ साली पूर्ण झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी मे महिन्यात विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले. तेओदोर द्युबुआ यांच्या प्रोत्साहनाने तयार झालेला हा काँचेर्तो कामीय शव्हियार यांनी लामूरो मैफलींच्या कार्यक्रमात घेतला. वादिका तीच, रचनाकारही तीच. पॅरिसच्या रसिकांच्या दृष्टीने त्या दिवसापासून हार्प हे एकलवादनाचे वाद्य ठरले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. यानंतरची 'लेझांद' ही रचना लकाँत द लील याच्या एका कवितेवरून सुचलेली. 'बालाद फांतास्तिक' ही एडगर ॲलन पो याच्या एका भयकथेवरून. परींच्या आणि देवदूतांच्या वाद्यावर खुनाची कथा! या बाईंनी आपल्या वाद्याला गोड गोड राहू दिले नाही.

याच दशकात पॅरिसमध्ये एक मौजेचे द्वंद्व चालू होते. प्लेयेल या पियानो करणाऱ्या कंपनीने पायपट्ट्यांना फाटा देऊन एक नवा हार्प काढला. त्यात बारा स्वरांच्या बारा तारा, दोन ओळींत परस्परांना छेदून जाणाऱ्या. या वाद्याचा वर्गही १९०३ मध्ये काँझर्व्हातुआरमध्ये सुरू झाला. त्याच्या प्रचारासाठी प्लेयेलने देब्युसीकडून दोन 'दांस' लिहून घेतले, ते १९०४ मध्ये. प्रतिस्पर्धी एरार कंपनी मागे कशी राहील? तिने १९०५ मध्ये राव्हेलकडून 'इंत्रोद्युक्स्याँ ए आलेग्रो' लिहून घेतले. दोन कारखानदारांच्या भांडणात संगीताला दोन अक्षय रचना मिळाल्या. पुढे प्लेयेलचा हार्प मागे पडला, आणि आज देब्युसीचे ते 'दांस'ही पायपट्ट्यांच्याच हार्पवर वाजतात. रेनिएबाईंनी नव्या वाद्याची बाजू कधीच घेतली नाही. एरारच्या वाद्यात न वाजणारे असे फारसे काही नाही, हे त्यांनी युक्तिवादापेक्षा वादनानेच दाखविले. पियानोच्या व प्राचीन तंतुवाद्यांच्या कितीतरी रचना त्यांनी हार्पसाठी रूपांतरित करून वादकांच्या हाती दिल्या.

आता थोडा नाजूक भाग सांगावयाचा आहे. हासेलमान्स हे १८८४ पासून काँझर्व्हातुआरमध्ये हार्पचे प्राध्यापक होते. मोठा शिक्षक. मार्सेल तुर्निए, कार्लोस साल्झेदो, लिली लास्किन, पिएर झामे हे सारे त्यांचेच शिष्य. रेनिए ही त्यांची अत्यंत लाडकी शिष्या. परंतु तिचे नाव वाढू लागले, शिष्य तिच्याकडे वळू लागले आणि गुरुशिष्येंत अंतर पडले. १९०३ मध्ये तिने आपला अकरा वर्षांचा शिष्य मार्सेल ग्रांझानी याला विद्यालयात प्रवेशासाठी नेले, तेव्हा हासेलमान्स यांनी त्याला घेण्याचे नाकारले. पुढच्या वर्षी त्याला प्रवेश मिळाला आणि तेराव्या वर्षी त्याने पहिले पारितोषिक पटकाविले. घराण्यांच्या रुसव्याफुगव्यांत वाढलेल्या आपणांस यात नवल वाटण्याजोगे काही नाही. सुदैवाने हे वितुष्ट कायमचे राहिले नाही. १९१२ मध्ये आजारी असलेल्या हासेलमान्स यांनी आपल्या जागी रेनिए यांनीच यावे अशी इच्छा व्यक्त केली.

ती जागा त्यांना मिळाली नाही. काँझर्व्हातुआरमधील नेमणुकीस शासनाची मान्यता लागे. फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्याने शासन आणि चर्च यांची फारकत झाली होती आणि त्या वादाची धग विझलेली नव्हती. रेनिएबाई निष्ठावंत कॅथलिक, आणि आपली धार्मिक व राजकीय मते लपविण्याचा त्यांचा स्वभाव नव्हे. ही मते नेमणुकीच्या आड आली, असे चरित्रकार सांगतात. हासेलमान्स त्याच वर्षी निवर्तले आणि ती जागा मार्सेल तुर्निए यांना मिळाली. तुर्निए काही लेचापेचा मनुष्य नव्हता. उत्तम रचनाकार, उत्तम शिक्षक. १९४८ पर्यंत त्यांनी ती जागा भूषविली आणि हार्पसाठी सुंदर रचना लिहिल्या. तेव्हा नालायकाची वर्णी लागली असा हा प्रकार नव्हता. योग्य अशा दोघांपैकी एकाचे नाव ज्या कारणासाठी खाली गेले, त्या कारणाचा संगीताशी संबंध नव्हता, एवढेच.

स्त्री म्हणून त्यांना डावलले असेल काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. तेवढेच कारण असावे असे दिसत नाही. लुईझ फारांक या बाई १८४२ पासून तीस वर्षे त्याच विद्यालयात पियानोच्या प्राध्यापिका होत्या. त्यांना आरंभी पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी वेतन मिळे. आपल्या एका रचनेच्या मोठ्या यशानंतर, १८५० मध्ये, त्यांनी समान वेतन मागून घेतले. वेतनश्रेणीचा विषय निघाला की आपल्या बैठका लांबतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून येथेच थांबतो.

नेमणूक नाकारली गेल्यावर माणूस दोन गोष्टी करतो. रुसून बसतो, अथवा अर्ज करीत राहतो. रेनिएबाईंनी आपली घरची शिकवणी चालू ठेवली आणि १९१४ मध्ये स्वतःच्या नावाची एक हार्पस्पर्धा सुरू केली. तिला चांगल्या रकमेचे रोख पारितोषिक ठेवले. तिच्या परीक्षकांत पुढे राव्हेल यांच्यासारखी माणसे बसली. विद्यालयाचे प्रमाणपत्र हातात नसणाऱ्या वादकालाही आपली पात्रता सिद्ध करण्यास एक व्यासपीठ मिळाले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. युद्धकाळात त्यांनी मदतीसाठी जवळजवळ नित्य मैफली केल्या आणि विपन्नावस्थेतील कलावंतांसाठी निधी उभारला. युद्धानंतर तोस्कानिनी यांच्याकडून आलेले बोलावणे त्यांनी नाकारले. आई आजारी होती. जगभर दौरे काढून कीर्ती मिळविण्याचा मार्ग त्यांच्यासमोर खुला होता, पण त्या पॅरिसमध्येच राहिल्या. परदेशांत त्यांचे नाव नेले ते त्यांच्या शिष्यांनी.

त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या, त्या १९२० नंतरच्या दशकात. पाहता पाहता त्या संपल्या. परंतु ध्वनिमुद्रणाचा ताण त्यांना मानवेना आणि ते काम त्यांनी सोडून दिले. त्या काळी चूक झाली तर तेवढाच भाग पुसून पुन्हा वाजविण्याची सोय नव्हती; तबकडीची एक बाजू सलग निर्दोष वाजवावी लागे. सात पायपट्ट्या सांभाळीत! आज ज्यांची ध्वनिमुद्रणे तुकडे जोडून तयार होतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता त्यांच्या शिकविण्याकडे येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रकाशक ल्यदुक यांच्या आग्रहावरून त्यांनी 'हार्पची संपूर्ण पद्धती' लिहिली. १९४६ मध्ये ती दोन भागांत प्रसिद्ध झाली. पन्नासांहून अधिक वर्षे शिकवून झाल्यावर लिहिलेले हे पुस्तक आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. हल्ली दोन वर्षे वर्ग चालविला की मार्गदर्शिका निघते.

ही पद्धती हाताच्या ठेवणीपासून सुरू होते. तार छेडल्यावर बोट हवेत तरंगत ठेवावयाचे नाही. ते तळव्याकडे पूर्ण मिटले पाहिजे. नाद बोटाच्या जोराने मोठा होत नाही, मिटण्याच्या पूर्णतेने होतो. अंगठा वर, बाकीची बोटे खाली. मनगट मोकळे. पुढील स्वरसमूह वाजविण्यापूर्वी त्याची सर्व बोटे आपापल्या तारांवर आधीच बसवून ठेवावयाची. परंतु कंप पावणाऱ्या तारेवर बोट अवेळी टेकले तर ती करकरते, म्हणून ते बसविणे कोणत्या क्षणी, हेच खरे कौशल्य. आणि पियानोप्रमाणे येथे नाद आपोआप थांबत नाही. वाजविलेला स्वर केव्हा बंद करावयाचा, हेही हातानेच ठरवावे लागते. नवशिक्या विद्यार्थ्याच्या हार्पवर मागच्या वाक्यातील स्वर पुढच्या वाक्यात मिसळून जातात, आणि श्रोत्यांना ते 'स्वर्गीय' वाटते! चांगल्या शिक्षकाला ते ऐकवत नाही.

हासेलमान्स यांच्याच दोन शाखांत या बाबतीत मोठा मतभेद झाला, तो मनोरंजक आहे. साल्झेदो १९०९ मध्ये तोस्कानिनी यांच्या बोलावण्यावरून न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गेले आणि १९२४ पासून फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. १९६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तेथेच शिकवीत होते. त्यांच्या मते कोपर उंच उचललेले, जमिनीस समांतर असावे. स्वर छेडल्यावर हात डौलाने उचलणे हा वादनाचाच एक भाग मानावा. फ्रेंच परंपरेत उजवे मनगट ध्वनिफलकाच्या कडेला हलकेच टेकलेले असते. हालचाल थोडी, काम बोटांचे. रेनिएबाईंची परंपरा ही दुसरी. ती अमेरिकेत नेली ग्रांझानी यांनी. विद्यालयाच्या दारातून एकदा परत पाठविलेला तो मुलगा १९३८ पासून १९७५ मध्ये निधन होईपर्यंत न्यू यॉर्कच्या जूलियार्डमध्ये हार्पचा प्राध्यापक होता. १९४३ पासून वीस वर्षे माँट्रियलच्या विद्यालयातही त्यांनी शिकविले. अर्ध्या खंडातील हार्पवादक आज 'आम्ही साल्झेदोचे' वा 'आम्ही ग्रांझानीचे' असे सांगतात. दोन्ही पद्धतींत थोर वादक झाले. यावरून कोपर कोठे असावे याचा निकाल लागत नाही. परंतु आपले कोपर जेथे आहे तेथे ते का आहे, हे सांगता येणारा शिक्षक मिळाला तर शिष्य कोणत्याही मार्गाने पोहोचतो, एवढे मात्र दिसते.

रेनिएबाईंच्या शिष्यांची नावे मोजीत बसत नाही. दोनच सांगतो. मिल्ड्रेड डिलिंग या अमेरिकन बाई पॅरिसला येऊन त्यांच्याकडे शिकल्या. मूकपटासारखा अभिनय करणारा विनोदी नट हार्पो मार्क्स पुढे याच डिलिंगबाईंकडे हार्प शिकला. चित्रपटांतून तो कित्येकांच्या घरी पोहोचला, म्हणजे रेनिएबाईंचे शिक्षण कोणकोणत्या वाटांनी गेले पाहा. दुसरी सुझान मॅकडॉनल्ड. रेनिएबाईंच्या अखेरच्या काळातील ही शिष्या. पुढे इंडियाना विद्यापीठात तिने हार्पचा मोठा विभाग चालविला, आणि १९८९ मध्ये तेथे आंतरराष्ट्रीय हार्पस्पर्धा सुरू केली. १९१४ मधील पॅरिसच्या स्पर्धेची आठवण येथे येतेच.

आपल्याकडे चर्चला जोडलेल्या शाळांतून स्वरलेखन शिकून मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत नाव काढलेल्या गोमंतकीय वादकांची पिढी आपण जाणतो. त्यांना शिकविणाऱ्या मास्तरांची नावे कोणत्या सरकारी दप्तरात सापडतात? मोठ्या वादकांची यादी करताना त्यांचे पहिले गुरू कोण, हा रकाना कोरा राहतो. आपल्या विभागाने तालुक्यातालुक्यांतून ही माहिती, सांगणारी माणसे आहेत तोपर्यंत, गोळा करावी, अशी माझी अध्यक्षमहाशयांना या निमित्ताने विनंती आहे. काम खर्चाचे नाही. एक वही आणि दोन चिकाटीची माणसे पुरेत.

रेनिएबाईंचा उत्तरकाळ शारीरिक यातनांत गेला. सायटिका, छातीचे विकार, नसांचे दुखणे. वेदनाशामक औषधे घेऊन त्या शिकवीत आणि वाजवीतही. फ्रेंच शासनाने त्यांना 'लेजिआँ दॉनर' हा सन्मान दिला तो १९५४ मध्ये. नेमणूक नाकारल्याला तोवर बेचाळीस वर्षे झाली होती. त्यानंतर एका मैफलीत त्यांनी आपले 'लेझांद' वाजविले आणि हे आपण शेवटचे वाजवीत आहोत असे सांगितले. १९५६ च्या मार्चमध्ये त्यांचे निधन झाले.

'लेझांद' आज हार्पच्या मोठ्या स्पर्धांतून वाजते आणि पद्धतीचे ते दोन भाग आजही विद्यार्थी चाळतात. या सभागृहात हार्प नाही, आणि असता तरी मला तो वाजविता आला नसता. परंतु 'लेझांद'चे एक ध्वनिमुद्रण मी सोबत आणले आहे. ऐकताना मध्येच झंकार एकाएकी तोडल्यासारखा थांबतो, त्या जागांकडे विशेष लक्ष द्यावे. तेथे दोन्ही तळवे तारांवर येऊन टेकलेले आहेत. ते ऐकून झाल्यावर आपल्या शंकांची उत्तरे यथामती देईन.